मोडक्या पंखाचा दावा

१

चिखल्याचं घरटं म्हणजे काय, तर शिंपल्यांच्या चुऱ्यात पोटाने रेटून केलेला वाटीएवढा खळगा. ना काडी, ना गवत. आत अंडी असली तर ते घरटं, नाहीतर नुसती जमीन. आणि त्या सकाळी खाडीतल्या त्या चिमुकल्या बेटावर सगळीकडे नुसती जमीनच उरली होती.

"आत्या, हेही रिकामं," भाची म्हणाली आणि मटकन खालीच बसली.

आत्याबाई मागून येत होत्या, दर पावलाला गुडघ्यांचा उद्धार करत. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांचा जन्म गेला होता. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, 'चोरीला गेलेले' दागिने. समोरचा खोटं बोलायला तोंड उघडायच्या आत त्यांच्या भुवया वर जायच्या. निवृत्त झाल्यावर हवापालट म्हणून त्या भाचीकडे आल्या होत्या. भाची या बेटाची राखणदार. सरकारी नोकरी, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, पण आत्याबाईंसाठी ती अजून ठमीच.

"ऊठ ठमे. काय झालं ते नीट सांग. रडायचं नंतर, त्याला कोण अडवतंय?"

ठमीने नाक पुसत सांगितलं. चिखल्या हा मुठीएवढा पक्षी. ओहोटीला चिखलातून तुरुतुरु पळत किडे टिपतो आणि अंडी घालतो ती अशा उघड्या बेटावर. अंड्यांचा रंग हुबेहूब शिंपल्यांसारखा, पायाखाली आली तरी कळायची नाहीत. म्हणून प्रत्येक घरट्याची खूण म्हणून ती एक काठी ठोकते, वर लाल चिंधी बांधून. काठी घरट्याला चिकटून नाही हं, नाहीतर चोराला आमंत्रणच. काठीपाशी उभं राहायचं, लांबवरच्या दीपगृहाकडे तोंड करायचं आणि ठरलेली पावलं चालायची, की पायाशी घरटं. तीन दिवस सोसाट्याचा वारा होता, होडी घालता आली नाही. काल संध्याकाळी तो पडला. आज आली, तर प्रत्येक काठीपुढचा खळगा रिकामा, आणि भोवती कुत्र्याच्या पंजांचे ठसे.

"आज दुपारच्या भरतीला आमच्या खात्याच्या मोठ्या बाई येणारेत पाहणीला. घरटी दिसली तर बेटावरची बंदी कायम. नाही दिसली, तर बेट सहलीच्या होड्यांना मोकळं. आणि आत्या, इथे कुत्रा एकच आहे, माझा. म्हणजे माझी नोकरीही गेली."

असं म्हणून तिने पुन्हा सूर लावला. आत्याबाईंना काही ते बघवेना. त्या आधारासाठी शेजारच्या काठीवर रेलल्या, तर काठी भसकन उपटून त्यांच्या हातातच आली.

"ही काय ठोकतेस गं तू? उदबत्तीसुद्धा याहून घट्ट उभी राहते!"

"दगडाने ठोकलेली होती," ठमी हुंदक्यातून म्हणाली. "वाऱ्याने सैल झाली असेल."

आत्याबाईंनी काठी परत रोवली आणि कुठे टेकायला मिळतं का ते बघत बेटाच्या उगवतीच्या अंगाला निघाल्या. काठ्या मागे टाकून, वाऱ्याने आणून टाकलेल्या एका फुटक्या पेटीपलीकडे जातात न जातात तोच त्यांच्या पायापुढून एक चिखल्याची मादी ओरडत धावली. एक पंख जमिनीवर फरफटत होता. दोन पावलं पळायची, कोलमडायची, पुन्हा पळायची.

"ठमे! अगं, हिचा पंख मोडलाय गं बिचारीचा!"

पण ठमीला ऐकूच गेलं नाही, कारण तेवढ्यात एक मोटारबोट बेटाला लागली होती. तिच्यातून आधी हॉटेलवाले शेठ उतरले आणि मागून कॅमेरा सांभाळत फोटोवाला.

"अरेरे!" शेठ लांबूनच म्हणाले. आवाज दुःखाचा होता, चेहरा मात्र वाढदिवसाचा. "कुत्र्याने सगळी अंडी खाल्ली म्हणे?"

आत्याबाईंच्या भुवया वर गेल्या. ही गोष्ट त्या दोघींनी अजून कुणाला सांगितलीच कुठे होती?

२

किनाऱ्यावरचं कार्यालय म्हणजे एक खोली आणि एक ओसरी. खोलीत टेबल, पाण्याचा माठ आणि भिंतीवर एक फळी. फळीवर प्लॅस्टरचे पांढरे ठसे मांडून ठेवलेले: बगळ्याचा पाय, कावळ्याचा पाय, पाणमांजराचा पंजा. शाळेची मुलं आली की त्यांना दाखवायला. ही हौस दुर्बीणरावांची.

दुर्बीणराव म्हणजे ठमीचे मदतनीस. हुद्द्याने मदतनीस, वयाने वडिलांसारखे. गळ्यात सदा दुर्बीण, म्हणून हे नाव. झोपतानाही काढत नसावेत असा गावाचा कयास. आज ते कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून आरामखुर्चीत पडले होते. सकाळीच कंबर धरली, म्हणून तर ठमीच्या सोबतीला आत्याबाईंना जावं लागलं.

"पोरी," ते भरल्या आवाजात म्हणाले, "मी किती वेळा सांगितलं तुला, या कामात कुत्रं पाळू नये. आता मोठ्या बाईंना मी काय तोंड दाखवू?"

"काका, ढोल्या कधी बेटावर गेलाच नाही हो! पाण्याला किती घाबरतो तो!"

ढोल्या हे या खटल्यातले मुख्य आरोपी. आंघोळीचं नाव काढलं की पलंगाखाली जाणारे आणि जेवणाचं नाव काढलं की तिथूनच बाहेर येणारे. आपल्यावर काय बालंट आलंय याचा पत्ता नसल्याने ते शेपूट हलवत आले आणि उजवा पंजा उचलून आत्याबाईंच्या मांडीवर ठेवला. तेवढी एकच कला त्यांना येत होती.

"तुम्हाला कळलं कसं, दुर्बीणराव?" आत्याबाईंनी पंजा कुरवाळत विचारलं. "आम्ही परतायच्या आत शेठ तिथे हजर."

"इथूनच पाहिलं की." त्यांनी ओसरीतल्या तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीकडे बोट दाखवलं. "ते ठसे, ते रिकामे खळगे... काळजाचं पाणी झालं हो. फोटोवाल्याला लगेच फोन केला. पुरावा नको का राहायला?"

आत्याबाई उठल्या. दुर्बिणीला डोळा लावला. काठ्या दिसल्या, लाल चिंध्या फडफडताना दिसल्या. काठ्यांच्या अलीकडे मात्र शिंपल्यांचा एक लांबलचक उंचवटा होता. त्यापलीकडची जमीन या ओसरीतून दिसणं शक्यच नव्हतं.

"म्हातारपणी नजर जाते म्हणतात," त्या गोड हसून म्हणाल्या. "तुमची बाकी शाबूत आहे हो."

त्या परत बसल्या. ढोल्याने पुन्हा तोच पंजा दिला. आणि आता आत्याबाईंचं लक्ष त्याच्या नखांकडे गेलं. एक नख वाकडं होतं, साफ बाहेरच्या बाजूला वळलेलं. त्यांनी बाकीचे तिन्ही पंजे उचलून पाहिले. ढोल्याला वाटलं, लाड चाललेत. तिन्ही पंजांची नखं सरळ होती.

"ठमे, मी जरा फिरून येते," त्या म्हणाल्या. "शेठचं हॉटेल कुठल्या अंगाला गं?"

३

शेठनी काही लपवाछपवी केली नाही. लपवायला लाज असावी लागते.

"आता तुमच्यापासून काय लपवायचं, आत्याबाई? बेट मोकळं व्हावं म्हणून मी अर्ज केलाय. लोकांनी तिथे बसावं, खावं-प्यावं, पोरं खेळावीत. पक्ष्यांचं काय घेऊन बसलात? त्यांना पंख आहेत, जातील दुसरीकडे."

खिडकीबाहेर रंगीत छत्र्यांची चळत रचून ठेवली होती. नव्याकोऱ्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत.

"मग अंडी तुम्ही पळवली का?"

शेठ खो खो हसले. "अहो, मला ती दिसली तर पळवीन ना! एकदा लपूनछपून गेलो होतो, खोटं कशाला बोलू. तासभर वाकून वाकून फिरलो, एक अंडं दिसेल तर शपथ. तुमच्या भाचीने वर शिट्टी मारमारून माझी अब्रू काढली. आज मला फोटोवाल्याने बातमी दिली, म्हणाला, बोट काढा."

फोटोवाला हॉटेलच्याच गच्चीवर राहत होता. त्याचाही ठमीवर राग होताच, कारण ती त्याला घरट्यांच्या जवळपास फिरकू देत नसे.

"काठीचं गणित काय आहे ते सांग म्हणून हातापाया पडलो तिच्या," तो कुरकुरला. "नाही म्हणजे नाही. काठीपासून घरटं कुठल्या बाजूला, किती पावलांवर, ते ती आणि दुर्बीणरावच जाणे. पण आत्याबाई, अंडी खाणं म्हणजे... मला आज फोटो काढताना भरून आलं हो. हे बघा."

त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवला. खळगा, ठसे. दुसरा खळगा, ठसे. आत्याबाईंनी चष्मा नाकावर घट्ट बसवला.

"मोठं करून दाखव. हं. पुढचा दाखव. अरे देवा!"

प्रत्येक ठशात तेच वाकडं नख होतं. डावीकडच्या ठशात, उजवीकडच्या ठशात, पुढच्या, मागच्या, सगळ्यात. म्हणजे ढोल्या एक तर लंगडी घालत अख्खं बेट फिरला होता, किंवा त्याचे चारही पाय उजवेच होते!

त्यांना कार्यालयातली ती फळी आठवली. ओल्या मातीतल्या ठशात प्लॅस्टर ओतलं की हुबेहूब पंजा तयार होतो. तो घेऊन वाळूत हवे तितके शिक्के मारावेत. अंडी कुत्र्याने खाल्ली नव्हती हे तर ठरलं. मग ती गेली कुठे?

"एक तरी पिल्लू जगावं असं वाटत होतं," फोटोवाला म्हणाला.

"आणि एका आईचा तर पंखच मोडलाय," आत्याबाई हळहळल्या. "माझ्या पुढ्यात फरफटत पळत होती बिचारी, अशी कोलमडत..."

फोटोवाल्याने मान वर केली. "कोलमडत? अहो, ते नाटक असतं! आपला पंख मोडलाय असं सोंग करून ती शत्रूला आपल्या मागे लांब नेते. मग भुर्रकन उडून जाते."

"कशापासून लांब?"

"अंड्यांपासून. नाहीतर पिल्लांपासून. काही राखायचं असलं तरच करते ती. रिकाम्या घरट्यासाठी कोण कशाला एवढा जीव काढील?"

आत्याबाईंनी गच्चीचा कठडा घट्ट धरला. रिकाम्या खळग्यांपाशी ठमी रडत बसली होती, तिच्याकडे एकही पक्षी फिरकला नव्हता. आणि आत्याबाई स्वतः काठ्यांपासून लांब, पेटीपलीकडे गेल्या होत्या, तर तिथे मात्र नाटक?

४

घरी ठमी बॅग भरत होती. ढोल्या बॅगेतच बसला होता, त्यामुळे काम पुढे सरकत नव्हतं.

"मोठ्या बाईंनी हाकलायच्या आधी आपणच गेलेलं बरं," ती म्हणाली. "आत्या, मला नोकरीचं एवढं नाही गं. पण ते पक्षी माझ्या भरवशावर आले होते. उद्यापासून तिथे छत्र्या आणि चेंडू."

आत्याबाईंना गलबलून आलं. त्यांनी तिला जवळ ओढलं, आणि मग पाठीत एक धपाटाही घातला, कारण नुसती माया त्यांना जमत नसे.

"ऐक. माझ्याकडे एकदा एक दावा आला होता. घर जळून खाक. नवरा-बायको धाय मोकलून रडतायत. सगळ्यांना कीव आली. मी शेजारणीला एकच विचारलं, यांच्या लग्नाचा अल्बम कुठेय? तर तो आदल्या आठवड्यातच बाईच्या बहिणीकडे गेला होता! तेव्हापासून मी शिकले. माणूस स्वतःच्या घराला स्वतः काडी लावतो, पण जीव जडलेली वस्तू आधी बाजूला काढतो. म्हणून काय जळलं ते बघायचं नाही. काय वाचलं ते बघायचं."

"मग इथे काय वाचलंय?"

"तेच दाखवते तुला. टोपी घाल. आणि बेटावर मी काहीही बोलले, अगदी वेड्यासारखं बोलले, तरी तू तोंडातून ब्र काढायचा नाहीस. ही कामगिरी तुझ्या तोंडाला जमेल ना?"

धक्क्यावर मोठ्या बाईंची गाडी येऊन थांबली होती. आणि शेठच्या मोटारबोटीत सगळ्यांच्या आधी, पुढची जागा धरून, दुर्बीणराव बसले होते. सकाळची कंबर दुपारी टुणटुणीत झाली होती.

५

मोठ्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी रिकामे खळगे पाहिले, ठसे पाहिले, आणि ठमीकडे पाहून एक सुस्कारा सोडला.

"मला वाईट वाटतं. पण घरटीच नसतील तर बंदी कशासाठी ठेवायची?"

दुर्बीणराव खाकरले. "बाई, मी जरा बोलू का? इतक्यात निराश होऊ नका. मी बेटावर एक फेरी मारून..."

"बसा हो तुम्ही, कंबर सांभाळा," आत्याबाईंनी त्यांचं वाक्य तिथेच तोडलं. "बाईंचं बरोबर आहे. गेली अंडी, संपला विषय. शेठ, तुमच्या छत्र्या लावायच्या ना? मग शुभस्य शीघ्रम्. जागा मी सकाळीच बघून ठेवलीय, उगवतीच्या अंगाला, त्या फुटक्या पेटीच्या पलीकडे. वारा छान येतो. चला, सगळेच पसरून चालू, म्हणजे जमीन नीट चोपली जाईल."

ठमीचा चेहरा पांढराफटक पडला. पण तिने ओठ घट्ट मिटले. फोटोवाला गोंधळून आत्याबाईंकडे बघत राहिला. शेठ मात्र खूश. त्यांनी पँट वर खोचली आणि पहिलं पाऊल उचललं.

"तिकडे नको!"

ती किंकाळी होती. दुर्बीणराव दोन्ही हात पसरून शेठच्या पुढ्यात उभे राहिले होते, घामाने डबडबलेले. "पाऊल खाली ठेवू नका शेठ, तुम्हाला हात जोडतो! मागे व्हा सगळे!"

शेठ एका पायावर तसेच उभे राहिले, बगळ्यासारखे.

"का बरं, दुर्बीणराव?" आत्याबाईंनी हळूच विचारलं. "तिथे तर नुसती जमीन आहे. काठीसुद्धा नाही. काय आहे तिथे?"

दुर्बीणरावांचे हात हळूहळू खाली आले.

"मी सांगते," आत्याबाई मोठ्या बाईंकडे वळल्या. "अंडी कुठेही गेलेली नाहीत. गेल्यात त्या काठ्या. काल रात्री वारा पडल्यावर सगळ्या काठ्या उपटून एकाच मापाने मावळतीला सरकवल्या, म्हणून त्या आता हाताने निघतात. दीपगृह इतकं लांब, की काठी थोडी सरकली तरी ते जागच्या जागी दिसतं. आणि उंचवट्यापलीकडे बेट तर थाळीसारखं सपाट, सगळी जमीन सारखीच. मग नव्या जागी खोटे खळगे केले आणि ढोल्याच्या एकाच पंजाचे शिक्के मारले, चारी पायांना तेच वाकडं नख. आता बघा. शेठना अंडी शोधून सापडत नाहीत, फोटोवाल्याला काठीचं गणित ठाऊक नाही. ते जाणणारी माणसं दोनच. त्यातल्या एकीची नोकरी आज जाणार होती. दुसऱ्याला किनाऱ्यावरून न दिसणारे ठसे दिसले. पण माझी खात्री झाली ती वेगळ्याच गोष्टीने. हे करणाऱ्याला ठमीला घालवायचं होतं, आणि एकाही अंड्याला धक्का लावायचा नव्हता. शेठ असते तर त्यांनी आमलेट केलं असतं!"

"मी शाकाहारी आहे," शेठ एका पायावरून म्हणाले.

"ती गेली की मी घरटी शोधून दाखवणार होतो," दुर्बीणराव म्हणाले. "आजच. बंदी उठू दिली नसती मी, बाई. सारं आयुष्य या चिखलात काढलं, आणि राखणदाराची टोपी कालच्या पोरीला. मला एकदा तरी... पण अंड्यांना मी बोटसुद्धा लावलं नाही, देवाशपथ."

"ते ठाऊक आहे, काका," ठमी पहिल्यांदाच बोलली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "म्हणूनच जास्त राग येतोय. मला अंडं ओळखायला तुम्हीच शिकवलंत. आणि माझ्या ढोल्याच्या माथी त्यांचं पाप मारलंत!"

मोठ्या बाईंनी हात पुढे केला. दुर्बीणरावांनी कार्यालयाच्या किल्ल्या त्यावर ठेवल्या. "पुढचं माझ्या कचेरीत बोलू," त्या म्हणाल्या. "राखणदारबाई, आता मला घरटी दाखवा."

राखणदारबाई! ठमीने टोपी सरळ केली. एकटीच पुढे झाली, शिंपल्यांवरून मांजरीच्या पावलांनी, आणि फुटक्या पेटीपलीकडे थबकून वाकली. मग तिने मागे वळून बोटाने खूण केली: हळू या, एकामागून एक.

आधी कुणालाच काही दिसेना. मग आत्याबाईंना शिंपल्यांतले शिंपले वेगळे दिसू लागले. ठिपक्याठिपक्यांची अंडी, टोकं आत करून निजलेली. त्यातल्या एकाला तडा गेला होता. तडा हलला, कवचाचा तुकडा पडला, आणि ओलंगिच्च, काडीच्या पायांचं काहीतरी जगात येऊन धडपडलं.

ओरडायची सोय नव्हती. मोठ्या बाईंनी दोन्ही हात वर करून हवेतच हलवले, बिनआवाजाच्या टाळ्या. फोटोवाला कॅमेरा विसरून रडत होता. शेठनी इतका वेळ वर धरलेला पाय अखेर खाली ठेवला, तोही आधी जमीन तपासून.

"बंदी कायम," मोठ्या बाई कुजबुजल्या. "आणि राखणदारही."

ठमी आत्याबाईंच्या गळ्यात पडली. आत्याबाईंनी या खेपेला धपाटा घातला नाही.

तेवढ्यात चिखल्याची मादी आली. माणसांची एवढी गर्दी बघून तिने क्षणाचाही विलंब लावला नाही. धपकन पडली, पंख पसरला, केविलवाणं ओरडली आणि फरफटत पाण्याकडे निघाली. सकाळच्यापेक्षाही झकास.

"अगं बाई, किती लागलंय हिला!" आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या. "चला चला, हिच्या मागे चला सगळे."

आणि सगळे निघाले. मोठ्या बाई, ठमी, फोटोवाला, पँट खोचलेले शेठ, मान खाली घातलेले दुर्बीणरावसुद्धा. एका मुठीएवढ्या आईच्या मागे, मुद्दाम फसत, पार बोटीपर्यंत. तिथे पोचल्यावर तिचा पंख आपोआप बरा झाला आणि ती भुर्रकन परतली.

उभ्या आयुष्यात आत्याबाईंनी एकही खोटा दावा पास केला नव्हता. हा मात्र त्यांनी तिथल्या तिथे, हसत हसत मंजूर करून टाकला.